दोन नंबर छापू नये

किसन,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. समोर सतरंजीवर तुझ्या घरची माणसं, ऑफिसातले चारपाच जण, गल्लीतल्या बाया. टेबलावर तुझा फोटो होता, दुसऱ्याच कुणीतरी काढलेला, त्यामुळे त्यात तुझे डोळे अर्धे मिटलेले. "किसन माझा मित्र होता," एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं मास्तरांचा गळा भरून आला. तसं काही झालं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते वेगळंच होतं, आणि ते सहा वर्षांपूर्वी, एका दुसऱ्या सभेत बोलायला हवं होतं.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. वर्गात फळ्याकडं तोंड करून लिहायला लागतो आणि वाक्य अर्ध्यावर सोडून खिडकीशी जातो. घरी पुस्तक उघडतो, तेच पान दोनदा वाचतो, मिटतो. शेवटी म्हटलं, तुलाच लिहावं. तू म्हणायचास, "पुस्तक्या, तुला शिंक आली तरी आधी कागद लागतोय." लागतो खरा.

निघताना रमावहिनींनी माझ्या हातात एक लोकरीचं टोपडं दिलं. लाल-पांढरं, तुझ्या थोरलीचं. ते हातात घेताच आत काय आहे ते कळलं. तुझा डबलर. तो ठेवायला तुला कधी चामड्याची पिशवी मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी तू ती वापरली नसतीस. धुळीला टोपड्यासारखी वस्तू नाही, असं तू शपथेवर सांगायचास.

ज्यांनी डबलर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी लिहितो. दोन बोटं उंचीची काळी गोल नळी, आत काचा. कॅमेरा आणि लांबची लेन्स यांच्या मधे ती बसवली की समोरचं दुप्पट मोठं होऊन दिसतं. तुझ्याकडं झूम लेन्स होती, दोनशेपर्यंत जाणारी, मुंबईला गोदीत कामाला असलेल्या तुझ्या मावसभावानं कुणाकडून तरी जुनी मिळवलेली. डबलर लावला की ती चारशेची व्हायची. "ज्याला घोडा न्हाय मिळत त्यानं गाढवाला उंच खोगीर घालावं," असं तू म्हणायचास आणि स्वतःच हसायचास.

पण हे खोगीर फुकट बसत नव्हतं. उजेडाचे चारातले तीन हिस्से डबलर खायचा. कॅमेऱ्यातून पाहिलं की सगळं तिन्हीसांजेसारखं दिसायचं, आणि नेम साधायचं मधलं वर्तुळ अर्धं काळं पडायचं. हात जरा हलला तर फोटोत दुप्पट हलायचा. झूमचं शेवटचं टोक डबलरवर मऊ पडतं म्हणून तू कधी दोनशेपर्यंत नेत नव्हतास, थोडं अलीकडं थांबायचास. लेन्स खाली झुकवली की झूमची नळी आपल्याच वजनानं घसरायची, म्हणून तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा कापलेला पट्टा चढवलेला. आणि खाली तिपाई कुठली, तर तुझ्या ऑफिसातल्या लेव्हल यंत्राची. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात तू नकाशे उतरवणारा ट्रेसर होतास, कामांचे फोटोही तूच काढायचास, तेव्हा ती लाकडी तिपाई खांद्यावर घेऊन एसटीत चढायचा हक्क तुला होता. कंडक्टर विचारायचा, "सायेब, आमच्या रानाची मोजणी कवा?" तू म्हणायचास, "आधी पाऊस मोजू द्या."

माझं काम छत्री धरण्याचं. काळी छत्री कॅमेऱ्यावर, मी उन्हात.

आपला पहिला वाद त्या छत्रीखालीच झाला. तू काळविटांचे फोटो काढायचास तेव्हा मला काही वाटत नव्हतं. पण माणसांचेही तू लांबूनच काढायला लागलास. मी म्हणालो, "किसन, हरीण पळून जातं म्हणून लांब थांबायचं. माणूस काय पळतोय? जवळ जा, बोल, मग काढ." मी वाचलेलं काहीबाही तुला ऐकवलंही असेल. तू झूमचा पट्टा नीट करत होतास. मान वर न करता म्हणालास, "तू जवळ गेलास की तुला पाणी विचारत्यात. म्या गेलो की नाव विचारत्यात. नाव सांगितलं की फोटोत माणूस येत न्हाय, त्याचं तोंड येतंय."

मी वाद सोडला, पण पटलं म्हणून नव्हे. मला वाटलं, तू फार मनाला लावून घेतोस. बेंबळीच्या शाळेत मी तुझ्याबरोबर एका डब्यात जेवलो होतो, म्हणजे सगळं मिटलं, अशी माझी समजूत. ती समजूत किती स्वस्त होती हे कळायला मला फार वर्षं लागली.

तुझी एक रीत मात्र मला तेव्हाही आवडायची. फोटो धुऊन झाला की तो आधी ज्याचा त्याला दाखवायचा. ऑफिसात द्यायच्या आधी, मला दाखवायच्या आधीसुद्धा. त्यासाठी तू रविवारी पुन्हा एसटी धरायचास. मी विचारलं होतं, तेव्हा नाव विचारत नाहीत का? म्हणालास, "हातात त्याचंच तोंड असलं की माणूस आधी तेच बघतो. माझं मागून."

आता त्या फोटोकडं येतो. इतका वेळ त्याच्याभोवती फिरलो, हे तुला कळलं असेलच.

त्या वर्षी बहात्तरच्या दुष्काळाची आठवण व्हावी असा उन्हाळा होता. आमच्या गावाखाली रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम चालू होतं. गावच्या सहकारी संस्थेचे चेअरमन माझे चुलते, अण्णा. संस्थेचा वार्षिक अहवाल लिहायचं काम माझ्याकडं, कारण घरात लिहिणारा मी एकटा. मला वाटलं, मुखपृष्ठावर तलावाच्या कामाचा फोटो घालावा. तुला निरोप धाडला.

सकाळी सातला आपण ओढ्याच्या अलीकडच्या टेकाडावर होतो. नऊनंतर हवा उकळायला लागते आणि लांबचं सगळं पाण्यात पडल्यासारखं थरथरतं, म्हणून तुझी घाई. समोर भरावावर बाया ओळीनं घमेली वाहत होत्या. आपल्यापासून शंभर पावलं असतील. तू आधी साधी झूम लावून एक काढलास. मग टोपड्यातून डबलर काढलास. मी छत्री धरली. तू श्वास रोखलास. मला तुझ्या मानेवरची शीर दिसत होती. खट्.

"काय बघूलालास?" तू विचारलंस.

"तू श्वास सोडलास की मी सोडीन म्हणून बघतोय."

पुढच्या रविवारी तू फोटो घेऊन इठाबाईकडं गेलास. ओळीतली मधली बाई ती. तिथून तू सरळ माझ्याकडं आलास आणि दोन्ही फोटो टेबलावर ठेवलेस. पहिल्यात आठ बाया, मुंग्यांएवढ्या नव्हेत पण लहान. दोन्ही बाजूंना उघडा मुरूम, ओढ्याचं कोरडं वळण, आणि पार मागं, पलीकडच्या चढावर, अण्णांच्या उसाची एक पट्टी. दुसऱ्यात इठाबाई एकटी. डोक्यावर चुंबळ, घमेलं, वरच्या ओठावर घाम, आणि डोळे असे की बघणाऱ्यानं आपले खाली घ्यावेत. मी तो फोटो उचलला तो ठेवलाच नाही.

तू म्हणालास, "ह्यो नको."

"का? असा फोटो तू आजवर काढला नाहीस."

"इठामावशी काय म्हणली माहितंय? म्हणली, म्या उसात कामाला हुते व्हय रं? माझ्यामागं तर नुसता मुरूम हुता."

तेव्हा कुठं मी मागं बघितलं. खरंच, तिच्या टाचेपासून ऊस सुरू झाल्यासारखा दिसत होता. भरावाच्या पाठीमागचा ओढा, मुरूम, दोन फर्लांगांचं रान, सगळं भरावाच्या आड गेलं होतं, आणि बाजूला जे दिसलं असतं ते चौकटीत उरलंच नव्हतं. मी म्हणालो, "डबलरनं ऊस जवळ ओढला."

"डबलर काय जवळ ओढत न्हाय, पुस्तक्या. आजूबाजूचं कापतो. बास. उरलेलं तुला जवळ वाटतंय."

"लोक चेहरा बघतील. उसाकडं कोण बघतंय?"

"लोक ऊसच बघतील," तू म्हणालास. "पहिला नंबर छाप."

मी दुसरा छापला. त्या चेहऱ्यापुढं माझं काही चाललं नाही, एवढंच आजही सांगू शकतो. आणि हेही, की तुला मी विचारलं नाही. छापखान्यात देऊन आल्यावर सांगितलं. तू फक्त म्हणालास, "बरं."

सभा देवळासमोरच्या मांडवात होती. तुला फोटो काढायला बोलावलेलं. तू मागं, मांडवाच्या खांबाशी. मी स्टेजच्या बाजूला टेबलावर इतिवृत्त लिहायला. अहवाल वाटले गेले आणि पाच मिनिटांत कुजबुज उठली. मग एकानं उभं राहून मुखपृष्ठ वर धरलं. "अण्णा, तलाव गावासाठी हाय म्हणत व्हता. हितं तर तुमच्या उसाच्या बुडाशीच बांधूलालाव की." लोक हसले. अण्णांचा ऊस ओढ्यापलीकडं, त्यांच्या स्वतःच्या जुन्या विहिरीवर होता. तलावाचं पाणी चढून तिकडं जाणं शक्यच नव्हतं. पण फोटोत ऊस होता तो होताच. अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "कुणी काढला ह्यो फोटो?"

सगळ्यांनी वळून तुझ्याकडं पाहिलं. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "असल्यांस्नी जवळ केलं की असंच हुतंय. मनात असतंयच त्यांच्या."

तू माझ्याकडं बघितलंस. रागानं बघितलं असतंस तर बरं झालं असतं. तू नुसती वाट बघत होतास, टेकाडावर पहिली बाई भरावावर यायची वाट बघायचास तशी. मला उठून दोन वाक्यं बोलायची होती. फोटो मी निवडला. किसननं नको म्हणून सांगितलं होतं. एवढीच. माझ्या हातात टाक होता. मी खाली बघितलं आणि लिहिलं, "मुखपृष्ठाबाबत चर्चा झाली."

वर बघितलं तेव्हा तू डबलर टोपड्यात घालत होतास. कसली घाई नसल्यासारखा, गाठ नीट मारून. मग गेलास.

अण्णांचं चेअरमनपद गेलं नाही. महिन्याभरात लोक ते विसरले. विसरलं नाही ते तुझं ऑफिस; अण्णांनी तुझ्या साहेबाला सांगितलं आणि तुझी परंड्याकडं बदली झाली. मुलींची शाळा अर्ध्यात सुटली. तीन वर्षांनी तू परत आलास तेव्हा मी स्टँडवर घ्यायला आलो होतो. तिपाई तुझ्याकडं नव्हती. तू पुन्हा लांबचा फोटो काढल्याचं मला आठवत नाही.

आपण भेटत राहिलो. दर रविवारी तुझ्या ओसरीवर चहा. पुस्तकं, पोरींची लग्नं, पाऊस. एकदाच मी धीर केला. म्हणालो, "किसन, त्या फोटोचं..." तू कप पुढं केलास. "च्या गार हुतोय." आणि मग खूप वेळानं, दुसऱ्याच कशाचं बोलणं चालू असताना, मधेच म्हणालास, "तसा ऊस हुता मात्र. प्यायला पाणी न्हाय आन् उसाला हाय, हे काय डबलरनं केलं न्हाय." म्हणजे फोटो खोटा होता की खरा, यावर आपलं एकमत झालंच नाही. मला वाटायचं खोटा. तू म्हणायचास खोटा न्हाय, अपुरा हाय. हा वाद आता मला एकट्याला चालवायचा आहे, आणि रोज मी तुझ्या बाजूला थोडा थोडा सरकतो आहे.

टोपड्यात डबलरखाली एक पाकीट होतं. त्यात बटर पेपरमध्ये दोन निगेटिव्ह. पाकिटावर तुझं अक्षर, नकाशावर नाव घालावं तसं सरळ, एकेक अक्षर सुटं:

इठाबाई. एक: साधी झूम. दोन: डबलरसह. दोन नंबर छापू नये. मास्तरांस सांगितले.

तारीख त्या रविवारची. म्हणजे तू मला सांगितलंस त्याच दिवशी हे लिहिलंस. सभेत तुझ्या खिशात हे पाकीट होतं की घरी, मला माहीत नाही. पण साहेबासमोर तुझ्याकडं नक्की होतं. ते टेबलावर ठेवलं असतंस तर बदली टळली असती, फक्त माझी अब्रू गेली असती. तू ठेवलं नाहीस. सहा वर्षं टोपड्यात ठेवलंस. तुझे आभार कसे मानायचे, किसन? आणि तुझ्यावर चिडायचं तरी कसं? मला वाचवून तू मला कुठं आणून ठेवलंस, हे तुला ठाऊक होतं का?

धाराशिवला जाऊन पहिल्या निगेटिव्हचा मोठा फोटो करून घेतला. तुझी रीत आठवून आधी इठाबाईकडं गेलो. तिला आता नीट दिसत नाही. नातसुनेनं फोटो उजेडात धरला आणि एकेकीवर तिचं बोट नेऊन ठेवलं.

"ही म्या. ही सोजर. ही यमुना, हिच्या पोटात पोर हुतं तवा. ही कोण, गंगू का?" बोट पुढं सरकत राहिलं. "आठजणी हुताव आमी. त्या फोटूत नुसती म्याच हुते. समद्या म्हणायच्या, तू काय एकटीनं बांधलास का गं तलाव? लई बोलणी खाल्ली बाबा त्या फोटूपायी." मग थांबून म्हणाली, "आता गावात दोघीच उरलाव. किसनला सांगा, ह्यो बरा हाय."

मी हो म्हणालो. नातसून माझ्याकडं बघत होती; तुझी बातमी तिला ठाऊक होती.

हे सगळं लिहून झाल्यावर कागद घेऊन वहिनींकडं गेलो. आपल्या भागातल्या साप्ताहिकात द्यायचा विचार होता. त्या मांडवात जे बसले होते ते सगळे ते वाचतात. वहिनी दळण निवडत होत्या. मी वाचत गेलो, त्या निवडत राहिल्या. शेवटापर्यंत ऐकून म्हणाल्या, "लिहिता चांगलं, भाऊजी. पहिल्यापासून."

मग सूप आपटलं, खडे उडवले. "त्यांनी तुमच्यावर कधी राग धरला न्हाय. एकदा म्हणले होते, कागदावर सांगंल त्यो कवातरी. मी म्हणलं, मांडवात सांगायचं ते कागदावर सांगून काय उपेग? सगळे तर तोंडानं बोलले होते."

मी कागद घडी करून खिशात घातला. परत येताना एसटीत बसलोच नाही, दारापाशी उभा राहिलो, कंडक्टर दोनदा ओरडला तरी.

संस्थेची सभा येत्या गुरुवारी आहे. तोच मांडव, अण्णाच चेअरमन. यंदाही पाऊस नाही. इतिवृत्त लिहायला यंदा दुसरं कुणीतरी बघा, असं कळवलं आहे. टेबल नको, टाक नको. पहिला फोटो बरोबर नेणार आहे, आणि तुझं पाकीट. माझे हात हलतील, हे मला आत्ताच दिसतंय. छत्री धरतानाही हलायचे. तू म्हणायचास, हात हलणारच, श्वास तेवढा धरायचा आणि मधेच सोडायचा नाही.

हा कागद सभा झाल्यावरच छापायला देईन, आधी नाही. आधी माणसाला दाखवायचं, मग बाकीच्यांना, ही तुझीच रीत. तेव्हा हे छापलेलं कुणाच्या हातात असेल, तर मी त्या मांडवात उभा राहिलो होतो, एवढं तू समजून घे.